बाई खाली येईपर्यंत

वजनकाकांच्या गाडीने गेटातल्या चढावर हाय खाल्ली, तेव्हा सकाळचे नऊ वाजून बारा मिनिटं झाली होती. नऊ-बारा म्हणजे नऊ-बाराच. "सव्वानऊच्या आसपास" असं कुणी म्हणालं असतं, तर काकांनी त्याला जिन्यातच धरून उलटतपासणी घेतली असती.

काका वजनमापं तपासायच्या खात्यात तेहतीस वर्षं होते. त्यांना लांबून येताना बघून एका दुकानातला वाकडा तराजू आपण होऊन सरळ झाला होता म्हणे. ही गोष्ट मी ऐकली तेव्हा तराजू एक होता, आता तीन झालेत, पण माणूस तसाच होता. "आसपास", "जवळजवळ", "थोडंसं" या तीन शब्दांना त्यांच्या घरात बंदी होती. बाकी शिव्या चालायच्या.

आणि अशा माणसाच्या पदरात देवाने बायको कोण घालावी? तर शिवणाचा क्लास घेणारी. तिचं सगळं आयुष्य "बोटभर सैल ठेवा" आणि "अंदाजाने मुरड घाला" यावर चाललेलं. अख्खी इमारत तिला बाई म्हणायची. एकेचाळीस वर्षं संसार झाला, आणि दोघंही जिवंत होते.

काका निवृत्त झाल्यापासून त्यांच्याकडे एकच काम उरलं होतं. बाईंना रोज टेकडीपलीकडे क्लासला सोडायचं आणि दुपारी घेऊन यायचं. पण त्या एका कामासाठी ते असे तयार व्हायचे, की बघणाऱ्याला वाटावं विमान न्यायचंय. पॉलिश केलेले बूट, खिशात कंगवा, काखेत गाडीची वही. त्या वहीत टायरची हवा, तेलाची पातळी, काचेवरचे ओरखडे, सगळं तारखेनिशी. गाडी म्हातारी होती, पण काका तिला म्हातारी म्हणू द्यायचे नाहीत. "अनुभवी" म्हणायचे.

तर त्या दिवशी काय झालं. गेटातून रस्त्यावर यायला छोटा चढ आहे. काका नेहमीप्रमाणे गाडीचं नाक चढावर आणून थांबले. बाई खाली आल्या, बसल्या, पदर आत घेतला, दार लावलं. काकांनी ॲक्सिलरेटर दाबला. इंजिनाने असा काही हंबरडा फोडला, की चौथ्या मजल्यावरची कबुतरं उडाली. आणि गाडी? गाडी जागची हलली नाही. हलली ती मागे. वीतभर घसरून दोन खांबांच्या मधोमध बसली, अर्धी आत, अर्धी बाहेर, घशात अडकलेल्या घासासारखी.

"अहो, जळल्याचा वास येतोय," बाई म्हणाल्या. "थांबा, मी इस्त्री बघून येते." आणि तीन मजले चढून परत गेल्या.

हे इस्त्रीचं खूळ गेले काही महिने चाललं होतं. रोज निघायच्या वेळी बाईंना जळका वास यायचा, रोज त्या परत जाऊन इस्त्री बघायच्या, आणि रोज इस्त्री कपाटात गार पडलेली असायची. काकांना मनातून काळजी लागली होती. बायकोचं नाक बिघडलं की डोकं, एवढंच ठरायचं बाकी होतं.

पहिले धावत आले ते पहिल्या मजल्यावरचे कॅशियर. बँकेतून निवृत्त झाल्यावर ते इमारतीचे सेक्रेटरी झाले होते, आणि बँकेत जेवढे शिक्के मारायचे राहिले होते ते इथे मारून घेत होते.

"काका, हे गेट आहे."

"मला दिसतंय ते."

"गेटात वाहन उभं करायला मनाई आहे. तुमच्याच सहीची नोटीस आहे ती. मागच्या वर्षी तुम्ही कमिटीत होतात तेव्हाची."

"मी उभं केलेलं नाही. ते उभं राहिलंय."

"मग तसा अर्ज द्या."

तेवढ्यात दुसऱ्या मजल्यावरचे ट्रम्पेटवाले आले. यांनी तीस वर्षं बँडमध्ये ट्रम्पेट वाजवलं, त्यामुळे जगातला कुठलाही बिघाड आपल्याला कानाने कळतो असा त्यांचा समज होता. मिक्सर असो, लिफ्ट असो, कुणाचा दमा असो.

"परत एकदा वाजवा," ते डोळे मिटून म्हणाले. काकांनी ॲक्सिलरेटर दाबला. "हं. इंजिन वरच्या सुरात चाललंय आणि चाकं खालच्या सुरातसुद्धा नाहीत. दोघांचं जमत नाहीये. क्लच गेला."

"क्लच जायला काय झालंय?" काका तडकले. "चाचणी घेतल्याशिवाय निदान करायचं नाही."

चाचणी काकांना पाठ होती. हँडब्रेक करकचून ओढायचा, गाडी चौथ्या गिअरमध्ये टाकायची आणि क्लचवरचा पाय हळूहळू उचलायचा. क्लच धड असला, तर चाकं जखडलेली म्हणून इंजिन गचका खाऊन बंद पडतं. क्लच झिजला असला, तर इंजिन आपलं गुरगुरत राहतं, कारण त्याचा चाकांशी संबंधच उरलेला नसतो.

काकांनी पाय उचलला. पूर्ण उचलला. इंजिन मजेत गुरगुरत राहिलं.

"वा! बंद नाही पडली!" कॅशियरांनी टाळी वाजवली.

"म्हणूनच बिघडलीय," काका पडलेल्या आवाजात म्हणाले.

"बंद पडत नाही म्हणून बिघडली? आमची तर रोज बंद पडते. म्हणजे ती ठणठणीत?"

काकांनी चावी फिरवून इंजिन बंद केलं.

मग अर्जाचं सुरू झालं. गाडी गेटात असल्याचा एक अर्ज. गाडी गेटातून काढण्याचा दुसरा. ओढून न्यायला येणारी गाडी आत येणार की बाहेरून ओढणार, त्याप्रमाणे तिसरा, कारण आत आली तर ती पाहुणी, आणि पाहुण्यांच्या रजिस्टरात "कोणाकडे आले" हा रकाना भरावाच लागतो. अर्ज सेक्रेटरींच्या नावाने, आणि सेक्रेटरी समोरच उभे. पण हातात घेईनात. "ऑफिसात द्या. अकराला उघडतं." ऑफिस म्हणजे जिन्याखालचं टेबल. चावी त्यांच्याच खिशात.

"'गाडी किती वाजेपर्यंत गेटात राहील' तिथे नक्की वेळ घाला हं, काका," कॅशियर म्हणाले. "'आसपास' चालणार नाही. तुम्हीच शिकवलंय."

तेहतीस वर्षांच्या नोकरीत काकांनी दिलेलं सगळं असं एका सकाळी परत मिळालं.

गॅरेजचा ट्रक आला, तो बाहेरूनच दोर लावून गाडीला घेऊन गेला. "कोणाकडे आले" हा रकाना कोराच राहिला. कॅशियर त्यानंतर दोन दिवस जेवले नाहीत म्हणतात. खरं म्हणजे एकच वेळ नाही जेवले, आणि तेही पोट बिघडलं होतं म्हणून.

संध्याकाळी लेकीचा फोन आला. ही लेक दुसऱ्या शहरात असते, पण बापाची शिस्त सगळी उचललेली.

"बाबा, क्लच गेला म्हणे."

"कोणी सांगितलं?"

"ट्रम्पेटकाकांनी. आवाजही काढून दाखवला. बाबा, हा तिसरा क्लच आहे."

"पहिला कंपनीचा दोष होता."

"आणि दुसरा?"

"दुसरा... पहिल्यामुळे."

"बाबा, मी रागावत नाहीये. पण आपण सरळ ठरवू. मेकॅनिक म्हणाला की गाडीचा दोष आहे, तर नवा क्लच टाका, चालवा, मी एक शब्द बोलणार नाही. चालवणाऱ्याचा दोष आहे म्हणाला, तर गाडी विकायची. आईला टॅक्सी लावून देते मी. कबूल?"

अट चोख होती. त्यात कुठे फट नव्हती. अशी अट काकांनी स्वतः घातली असती तर त्यांना अभिमान वाटला असता. "कबूल," ते म्हणाले, आणि फोन ठेवून बराच वेळ गाडीच्या वहीची पानं चाळत बसले.

दुसऱ्या दिवशीपासून बाई टॅक्सीने जायला लागल्या. पहिल्या दिवशी काका बूट घालून तयार झाले, मग आठवलं, मग बूट काढले. खाली टॅक्सीवाल्याने हॉर्न वाजवला. एकदा. परत एकदा. बाई "आले, आले" करत घाईघाईने जिना उतरल्या, आणि काका अनवाणी त्यांच्यामागे पळाले. "शेवटची पायरी! अगं, शेवटची पायरी बघ!"

"बघितली हो," बाई टॅक्सीत बसता बसता म्हणाल्या. "केवढ्याने ओरडता!"

टॅक्सी गेली. काका गेटाशी उभे राहिले. नऊ-बारा झाले, नऊ-तेरा झाले. जगात कुणालाच त्यांचं काही काम नव्हतं. वर आले, तर खिडकीतल्या झाडाने पण बाईंकडून पाणी पिऊन घेतलेलं. माणसाला भूक लागलेली कळते, झोप आलेली कळते. आपण कुणाच्याच वाटेत उभे नाही, हे कळायला मात्र एक सकाळ रिकामी जावी लागते.

तिसऱ्या दिवशी काका गॅरेजात गेले. एकटेच. आणि जे आयुष्यात कधी केलं नव्हतं ते करायला गेले.

गॅरेज एक ताई चालवायची. डोक्याला फडकं, कोपरापर्यंत ग्रीस, आणि आवाज असा की बोल्ट आपण होऊन सैल व्हावेत. तिने गाडी वर उचलून गिअरबॉक्स उतरवून ठेवला होता. काकांनी गाडीचं पोट कधी असं उघडं बघितलं नव्हतं. त्यांनी नजर वळवली.

"ताई, एक विचारायचं होतं. माझ्या मुलीचा तुम्हाला फोन येईल. तिला तुम्ही... म्हणजे, दोष कोणाचा असं तिने विचारलं तर..."

"तर?"

"गाडीचा म्हणाल का?"

ताईने पाना खाली ठेवला. "काका, तुम्हाला आठवत नसेल. याच गॅरेजात वीस वर्षांपूर्वी तुम्ही माझ्या वडिलांचा हवा मोजायचा काटा धरला होता. एका रेषेने चुकत होता. वडील म्हणाले, साहेब, एक तर रेष आहे. तुम्ही म्हणालात, आज एक रेष सोडली तर उद्या मी कुठे थांबू?"

काकांचे कान लाल झाले. "मग काय झालं?"

"काटा बदलला. तो अजून आहे. अजून बरोबर आहे." तिने भिंतीकडे बोट केलं. "आणि आता तुम्ही मला म्हणताय, एक रेष सोड."

काका काही बोलणार तेवढ्यात दारात टॅक्सी थांबली. बाई. क्लास लवकर सोडून आल्या होत्या, कारण सकाळी यांचा चेहरा बघितला होता. हातात फोन, फोनवर लेक.

"आई, मला त्यांच्याशी बोलू दे. ताई, ऐकू येतंय? मला फक्त खरं सांगा."

ताईने कोपऱ्यातली जुनी क्लच प्लेट उचलली. ताटलीएवढी गोल, काळी ठिक्कर. कडा इतक्या झिजलेल्या, की आतले रिबिटाचे खिळे वर आलेले.

"गाडीचा दोष नाही," ताई म्हणाली.

काकांनी खाली बघितलं. बूट चकाकत होते.

"पण नुसतं चालवूनही ही अशी झालेली नाही. चालवून प्लेट झिजते. ही भाजलीय. बघा हे निळे डाग. गाडी चढावर हँडब्रेक न लावता, अर्ध्या क्लचवर नुसती तोलून धरली ना, की असं होतं. गाडी उभी, आणि प्लेट आत भाजतेय. वासही सुटतो, जळका, खमंग नव्हे, कपडा करपल्यासारखा. काका, तुम्ही रोज कुठे चढावर उभे राहता का?"

"गेटाशी," काका पुटपुटले.

"किती वेळ?"

"थोडासा."

बाईंनी मान वळवून नवऱ्याकडे असं बघितलं, जसा काही तो परक्या भाषेत बोलला असावा.

"काय म्हणालात?"

"थोडासा वेळ."

"एकेचाळीस वर्षांत तुम्ही 'थोडासा' म्हणाला नाहीत. मिठाचीसुद्धा मोजून चिमूट टाकता. खरं सांगा. किती?"

काकांनी खिशातून कंगवा काढला, परत ठेवला. "सहा मिनिटं. कधी सात. तू इस्त्री बघायला गेलीस की अकरा."

"पण मी खाली येते तेव्हा तर तुम्ही म्हणता, 'आत्ताच काढली गाडी'! रोज म्हणता! आणि गाडीसुद्धा आत्ताच आल्यासारखी पुढेमागे डुलत असते!"

"म्हणूनच तर तशी धरून ठेवतो."

"कशासाठी पण?"

आता काकांचा आवाज खाली गेला. इतका, की फोनमधून लेक "बाबा, मोठ्याने" म्हणाली.

"मी एकदा हॉर्न वाजवला होता. तू घाईने उतरलीस. शेवटची पायरी चुकलीस. चाळीस दिवस प्लास्टरमध्ये होतीस. हँडब्रेक ओढला की कर्रकन वाजतं, तुला वर ऐकू जातं. इंजिन बंद केलं की तुला कळतं, हे कधीचे थांबलेत. मग तू पळतेस. गाडी हलती दिसली की तुला वाटतं, हे आत्ताच आले. मग सावकाश उतरतेस."

बाई जवळच्या टायरवर बसल्या. साडीला ग्रीस लागलं तरी त्यांना कळलं नाही.

"अहो," त्या म्हणाल्या, "मी तयार असते."

"म्हणजे?"

"नऊ वाजल्यापासून खिडकीत उभी असते मी. पर्स खांद्याला लावून. एकदा मी लवकर खाली आले होते, आठवतं? तुम्ही गाडी मागे घेत होतात, मी बघत उभी राहिले, तुम्ही गडबडलात आणि खांबाला घासलंत. दोन दिवस बोलला नव्हतात कुणाशी. तेव्हा ठरवलं, तुमची गाडी नीट उभी राहीपर्यंत खाली जायचं नाही. उगाच घाई करायची नाही तुम्हाला. म्हणून क्लासला उशीर व्हायची वेळ येईपर्यंत वरून बघत राहते. गाडी डुलतेय म्हणजे यांचं अजून जमतंय. थांबली की जाऊ."

"पण ती थांबणार कशी? मी तुझ्यासाठी..."

"आणि मी तुमच्यासाठी..."

"आणि ती इस्त्री?"

"वास यायचा हो खिडकीत! कपडा करपल्याचा!"

ताईने प्लेटकडे बघितलं, मग त्या दोघांकडे बघितलं, आणि पाठ फिरवून उगाचच एक घट्ट असलेला बोल्ट घट्ट करायला लागली. फोनमधून काहीच आवाज येत नव्हता. बाईंना वाटलं कट झाला.

"आहे मी," लेक म्हणाली. नाक ओढल्याचा आवाज आला. "तीन क्लच. तुम्ही दोघांनी एकमेकांची वाट बघत तीन क्लच जाळले."

"अट अट आहे," काका ताठ उभे राहून म्हणाले. "दोष चालवणाऱ्याचा निघाला. मी मान्य करतो. गाडी विका."

"एका चालवणाऱ्याचा कुठे?" लेक म्हणाली. "अर्धा खिडकीतल्या बाईचा आहे. अटीत ते बसत नाही. नवा क्लच टाका, ताई. आणि बाबा, हँडब्रेक लावा हो! आई, तू खाली जा!"

सोमवारी गाडी घरी आली. प्लेट, प्रेशर प्लेट, बेअरिंग सगळं कोरं. पेडल इतकं हलकं, की काकांना वाटलं बूटच चुकीचे घातलेत. गेटाशी ट्रम्पेटवाल्यांनी कान लावून "सुरात आहे" असं प्रमाणपत्र दिलं. कॅशियरांनी गाडी परत आल्याचा अर्ज मागितला आणि स्वतःच लिहून स्वतःच घेतला.

मंगळवारी सकाळी काका चढावर येऊन थांबले. हँडब्रेक ओढला. कर्रर्र! तीन मजले ऐकू गेलं. गाडी दगडासारखी उभी. काका चष्मा पुसायला लागले, एक काच पुसून होते न होते, तर बाजूचं दार उघडून बाई आत. पळत नाही आल्या. सावकाशच आल्या. आधीच खाली येऊन जिन्याशी उभ्या होत्या, तेवढ्यात पोचायचं अंतर होतं ते.

टेकडीपलीकडे क्लासशी पोचले तेव्हा क्लासला अजून कुलूप होतं. शाळेतल्या मुलांसारखे दोघं गाडीत बसून राहिले. बाहेर रस्ता झाडणारा माणूस सावकाश पानं गोळा करत होता.

"अकरा मिनिटं आहेत," काकांनी घड्याळ बघितलं. "आता काय करायचं?"

"बसायचं."

काका बसले. इंजिन बंद, हँडब्रेक ओढलेला, रस्ता सपाट. तरी बाईंनी खाली बघितलं, तर यांचा डावा पाय क्लचवर. अर्धा दाबून धरलेला.

बाईंनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"काढा तो पाय," त्या म्हणाल्या. "मी आलेय."